शिबिराची तारीख शिवाराला विचारा

चैत्र सरत आला की आपल्या भागातल्या चर्चच्या फळ्यावर दरसाल एक कागद लागतो. 'मुलांसाठी सुट्टीतील बायबल शाळा', 'युवक-युवतींचे उन्हाळी शिबिर', अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, नावे लवकर द्यावीत. वैजापूर, गंगापूर, पैठण या तालुक्यांत ख्रिस्ती कुटुंबं काही काल-परवाची नाहीत. वैजापूर तालुक्यातलं घोगरगाव हे जुनं कॅथलिक केंद्र सगळ्यांना माहीत आहे, आणि उत्तर भारतीय मंडळीच्या उपासना आपल्या जिल्ह्यात गावोगाव चालतात. ही माणसं बहुतेक शेतीत, शेतमजुरीत, नाहीतर ऊसतोडीत. म्हणजे तुमच्या-आमच्यातलीच.

आता तुम्ही म्हणाल, शेतीच्या पानावर शिबिराचा विषय कशाला? कारण साधं आहे. खरीपपूर्व बैठकांसाठी आम्ही गावात येतो तो काळ आणि ही शिबिरं भरतात तो काळ एकच. गावातली तरणी पोरं-पोरी एकत्र सापडतील असे वर्षात तीन-चार आठवडेच असतात, आणि ते नेमके उन्हाळ्यात येतात. हे आठवडे हातचे गेले की मृग लागतो, मग कुणाला मान वर करायला सवड नसते. म्हणून पाळक, फादर, सिस्टर, तरुण संघाचे कार्यकर्ते, तसंच सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासमोर काही गोष्टी मांडतो. धर्माचं काय शिकवायचं ते शिकवणाऱ्यांनी ठरवावं, तो माझा प्रांत नाही. मी बोलणार ते वेळेबद्दल, पाण्याबद्दल, बियाण्याबद्दल आणि हातांबद्दल.

ही सुट्टीतली शाळा मुळात निघाली कशी ते ऐकण्यासारखं आहे. १८९८ साली न्यूयॉर्क शहरात हॉज नावाच्या एका डॉक्टराच्या बायकोनं पाहिलं की उन्हाळ्याची सुट्टी लागली की गरिबांची लेकरं दिवसभर रस्त्यावर उंडारतात. तिनं वस्तीतच एक जागा भाड्यानं घेतली. जागा कसली, तर बिअर पिण्याचा गुत्ता! दिवसा तिथं गाणी, गोष्टी, हस्तकला आणि बायबलचे धडे सुरू केले. पुढं १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल नावाच्या गृहस्थांनी ती पद्धत शहरभर नेली आणि नंतर ती जगभर गेली. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्या बाईनं लेकरांना चर्चमध्ये बोलावून वाट पाहिली नाही. लेकरं कुठं आहेत ते आधी पाहिलं आणि शाळा तिथं नेली.

मग आपल्याकडं वैशाखात पोरं कुठं असतात?

पोरं कुठं आहेत ते आधी पाहा

सोळा ते पंचवीस वयाच्या पोरांची यादी करायला बसलात तर चित्र लगेच दिसतं. एक गट ऊसतोडीचा. दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेलेलं जोडपं, ज्याला आपण एक 'कोयता' म्हणतो, कारखान्याचा पट्टा पडल्यावर मार्च-एप्रिलमध्ये माघारी येतं. बरोबर लेकरं, अंगावर उरलेली उचल, आणि सहा महिने चर्चचं तोंड न पाहिलेलं. दुसरा गट वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा इथं ठेकेदाराकडं कामाला असलेल्या पोरांचा. त्यांना आठवड्यातून एक दिवस मोकळा. तिसरा गट घरच्या शेतावर. उन्हाळी कांदा काढणं, चाळीत भरणं, नांगरट, शेणखत पसरणं, पाण्याची ओढाताण. चौथा गट पोरींचा, आणि तो सगळ्यांत कमी दिसतो, कारण पाणी, स्वयंपाक, लहान भावंडं आणि लग्नसराई सगळी त्यांच्याच माथ्यावर. राहिली ती दहावी-बारावीची परीक्षा दिलेली मुलं. शिबिराच्या फोटोत बहुतेक वेळा हीच दिसतात.

तालुक्याच्या गावी, निवासी, सलग पाच दिवस, एप्रिलच्या मध्यात ठेवलेल्या शिबिराला पहिले चार गट येऊच शकत नाहीत. कांदा शेतात असताना पोरगं घरातून पाच दिवस सोडणार कोण? रोजंदारीवरच्या पोरानं पाच खाडे केले तर ठेकेदार सहाव्या दिवशी कामावर घेईल याचा भरवसा नाही. पोरीला रात्री मुक्कामाला धाडायला आई-बाप कचरतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. मग 'आजकालच्या पोरांना देवाधर्माची ओढ राहिली नाही' असा शेरा मारला जातो. मला तो शेरा पटत नाही. ओढ किती आहे हे तारीख बरोबर ठेवल्याशिवाय कळायचंच नाही.

माझ्या अंदाजानं आपल्या जिल्ह्यात योग्य काळ मे महिन्याचा पहिला आठवडा ते २५ मे. टोळ्या परतलेल्या असतात, कांद्याचा बराचसा उरक झालेला असतो, शाळांना सुट्टी असते. २५ मेच्या आसपास रोहिणी नक्षत्र निघतं आणि शेतकऱ्याचं सगळं चित्त आभाळाकडं लागतं. ७-८ जूनला मृग. त्यानंतर ठेवलेला कोणताही कार्यक्रम वाया. या तीन आठवड्यांतही लग्नाच्या दाट तारखा टाळाव्या लागतील. त्यासाठी पंचांग पाहायला हरकत नाही, कारण गावातली लग्नं सगळ्याच समाजांची असतात आणि वऱ्हाडात सगळेच जातात. आणि शिबिर सलग न ठेवता रोज सकाळ-संध्याकाळ, गावातच, दहा-बारा दिवस असं ठेवलं तर कामाला जाणारं पोरगं निदान रात्रीला तरी येतं. वाळूजला जाणाऱ्यांसाठी सुट्टीच्या दिवशी एक पूर्ण दिवस राखावा.

चर्चच्या स्वतःच्या वर्षातही याच दिवसांत शेतीचे सण आहेत, हे पुष्कळांच्या विस्मरणात गेलंय. पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या पाचव्या रविवारी जुन्या अँग्लिकन रिवाजाप्रमाणे पिकापाण्यासाठी प्रार्थना करतात आणि शेताच्या बांधावर फिरतात. ईस्टर पुढंमागं होतो तसा हा रविवारही २६ एप्रिल ते ३० मे यांच्या दरम्यान येतो. युरोपात तेव्हा शेतं हिरवी असतात, आपल्याकडं नांगरलेली. पण मागणं एकच, पाऊस वेळेवर पडो. कॅथलिक मंडळींत १५ मे हा संत इसिदोरचा दिवस. हा बाराव्या शतकात स्पेनमधल्या माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतावर राबणारा मजूर. १६२२ साली त्याला संत म्हणून जाहीर केलं आणि शेतकरी त्याला आपला पाठीराखा मानतात. त्याची आख्यायिका मजेशीर आहे. हा पहाटे प्रार्थनेला जातो म्हणून कामावर उशिरा येतो, अशी तक्रार सोबतच्या गड्यांनी मालकाकडं केली. मालक पाहायला आला तर ह्याचा नांगर देवदूत हाकताहेत! आपल्या पोरांचे नांगर काही देवदूत हाकणार नाहीत, तेव्हा प्रार्थना आणि काम यांची वेळ आपल्यालाच जुळवून घ्यावी लागेल.

दिवस कसा बांधावा

मे महिन्यात आपल्याकडं पारा ४० ते ४३ अंशांवर जातो. सकाळी दहानंतर उघड्यावर काम नको, खेळ नको, प्रभातफेरीसुद्धा नको. पहाटे साडेपाचला जमून आधी प्रार्थना, मग नऊ-साडेनऊपर्यंत अंगमेहनतीचं काम. न्याहारीला भाकरी, पिठलं, ताक. त्यानंतर ज्याला मजुरीला जायचं त्यानं जावं. दुपारच्या उन्हात चर्चच्या सावलीला फक्त लहान लेकरांची शाळा आणि पोरींचे वर्ग ठेवावेत, तेही घरच्या कामातून सवड सापडेल तेवढेच. साध्या पाण्याबरोबर मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएसची पाकिटं हाताशी असावीत. कुणाला चक्कर आली, अंग तापलं आणि घाम थांबला, तर तो उष्माघात समजून ओल्या फडक्यानं अंग पुसत लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं.

रात्र मात्र मोकळी आहे. जेवणं उरकल्यावर आठ ते दहा. शहरातल्या शिबिरात गिटार असते, असू द्या, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण गावात पेटी, तबला, टाळ वाजवणारी म्हातारी माणसं अजून आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली गेले. अभंग, भजन, कीर्तन हा आपल्या मातीतला रिवाज मराठी ख्रिस्ती उपासनेत त्यांनी मुरवला. त्यांची पदं 'उपासना संगीत'मध्ये आहेत, पण चाली म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहेत. बारा रात्रींत एक-दोन पोरं पेटीवर बोट फिरवायला शिकली तरी पुढच्या वर्षीच्या शिबिराची निम्मी तयारी झाली. शिवाय भजनाला मोठी माणसंही येऊन बसतात, म्हणजे पोरी रात्री बाहेर पडण्याची अडचण आपोआप मिटते.

चर्चच्या पत्र्यावरचं पाणी

आता सकाळच्या चार तासांचं काम. कामं पुष्कळ सुचवता येतील, पण मी एकाच कामाचा आग्रह धरीन. शाळा सोडली तर वस्तीतलं सगळ्यांत मोठं छप्पर बहुतेक ठिकाणी चर्चचं असतं. त्यावर पडणारं पावसाचं पाणी वाहून जातं आणि त्याच वस्तीतल्या बाया एप्रिल-मेमध्ये टँकरपाशी हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात.

हिशेब करून पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होतं. ४० फूट लांब आणि २५ फूट रुंद छप्पर म्हणजे १००० चौरस फूट, सुमारे ९३ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरला तर ५५ हजार ८०० लिटर. बाष्पीभवन, गळती, सुरुवातीचं सोडून दिलेलं पाणी असं पाचवा हिस्सा वजा केला तरी ४४ हजार लिटरच्या वर हाती राहतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर चार टँकर भरून थोडं उरेल इतकं पाणी एका छपराचं.

करायचं काय? पत्र्याच्या दोन्ही उतारांना पन्हळ बसवायची, तिचा ढाळ एका कोपऱ्याकडं ठेवायचा, तिथून चार इंची पीव्हीसी पाइप खाली आणायचा. पाइपाला खाली एक टोपण ठेवायचं, म्हणजे पहिल्या एक-दोन पावसांचं धूळ-पाचोळ्याचं पाणी बाहेर सोडता येतं. त्यानंतरचं पाणी टाकीत घ्यायचं, किंवा जवळ विहीर नाहीतर कूपनलिका असेल तर तिच्याशेजारी खड्डा घेऊन त्यात तळाला मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू असे थर भरून, गाळलेलं पाणीच आत सोडायचं. थेट गढूळ पाणी कूपनलिकेत सोडलं तर झरे गाळानं बुजतात, हे लक्षात ठेवा. टाकीतलं पाणी प्यायचं असेल तर उकळून किंवा औषध टाकूनच.

हे काम बारा दिवसांत होण्यासारखं आहे. खड्डा खोदायला पोरं आहेत, आयटीआय झालेला एखादा फिटर नाहीतर वेल्डर प्रत्येक वस्तीत निघतो, आणि वाळूजला काम करणारी पोरं पाइपाची जोडणी आपल्यापेक्षा चांगली जाणतात. खर्च येतो तो पन्हळ, पाइप आणि खडीचा. शिबिराच्या पाहुण्यांच्या हारतुऱ्यांचा आणि मंडपाचा खर्च वाचवला तर त्याचा बराच भार उचलला जाईल, असं माझं आपलं मत. ख्रिस्ती पोरांनी ह्या छपराचं काम करून दाखवलं की शेजारच्या समाजमंदिराचं आणि जिल्हा परिषद शाळेचं छप्पर करायला गावातली बाकीची पोरं आपणहून येतील. सरपंचांनी तेव्हा मागं राहू नये.

उन्हाळ्यातल्या श्रमदानाला आपल्याकडं पाया नाही असं नाही. २०१७ ते २०१९ या वर्षांत पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस गावंच्या गावं पहाटे आणि चांदण्यात चर खोदत होती, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्याआधी शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूंनी पाणलोटाचं काम उभं केलं. १९९३ साली 'वॉटर' ही संस्था फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत सुरू झाली. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी मान्य करायची, मगच पैसा, अशी रीत होती. बाखर २०२१ साली वारले. गावची सगळी माणसं, सगळ्या धर्मांची, एका बांधावर आणायची ही त्यांची पद्धत होती. आणखी मागं गेलात तर जालन्याजवळचं बेथेल आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ती वस्ती वसवली ती शेती आणि कारागिरी यांच्या आधारावर, नुसत्या प्रार्थनामंदिरावर नव्हे.

गायरानावर किंवा नाल्यात चर खोदायचे असतील तर ग्रामपंचायतीचा ठराव आधी घ्या. वनखात्याची जमीन असेल तर त्यांची परवानगी लागते. सलग समतल चराचं माप साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल. समपातळी आखल्याशिवाय कुदळ मारू नका. उताराच्या दिशेनं गेलेला चर पाणी अडवत नाही, उलट माती घेऊन जातो. आखणीला कृषी सहायकाला, ज्याला आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात, आठ दिवस आधी सांगा.

आणि एक स्पष्ट बोलतो. श्रमदानाच्या जागी भाषण-उपदेश नको. चर्चच्या आवारात जे चालतं ते चर्चचं, गावाच्या नाल्यावर जे चालतं ते गावाचं. शिबिराला येणाऱ्या लहान लेकरांच्या आई-बापांची संमती लेखी घ्यावी, शिबिराच्या तारखांचं एक पत्र ग्रामपंचायतीत आणि पोलीस पाटलांकडं द्यावं. हल्ली गैरसमज व्हायला वेळ लागत नाही, आणि कागद असला की बोलणं सोपं जातं.

शंभर दाणे, एक गोणपाट

पेरणाऱ्याचा दाखला प्रत्येक बायबल शाळेत शिकवतात. वाटेवर पडलेलं बी, खडकावर पडलेलं, काट्यांत पडलेलं आणि चांगल्या जमिनीत पडलेलं. शेतकऱ्याच्या लेकराला तो समजावून सांगावा लागत नाही. पण मला त्यात नेहमी एक गोष्ट जाणवते. दाखल्यात बी चांगलंच धरलंय, प्रश्न जमिनीचा आहे. आपल्या सोयाबीनचं तसं नाही. त्याचं टरफल नाजूक, पोतं आपटलं, थप्पी उंच लावली, मळणीयंत्र जोरात फिरलं की आतला अंकुर मरतो, आणि दाणा वरून टपोराच दिसतो.

म्हणून हा धडा शिकवाल त्या दिवशी लेकरांना घरून बी आणायला सांगा. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ काढून एकत्र करायचं, त्यातले निवड न करता शंभर दाणे मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, दाण्यादाण्यात थोडं अंतर. वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून धडधाकट कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो हे नेहमीचं प्रमाण ठेवायचं. सत्तरच्या खाली आले तर त्या मानानं बी वाढवायचं, आणि फारच कमी आले तर ते बी पेरायचंच नाही, दुसरं पाहायचं. प्रत्येक गुंडाळीला कुटुंबाचं नाव लिहिलेली चिठ्ठी बांधा, आकडे चर्चच्या फळ्यावर लावा.

एका गावात असं केलं तेव्हा पोरांच्या आधी त्यांचे बाप गोणपाट उघडायला आले होते. ज्याचे चाळीसच कोंब निघाले त्याला जूनच्या आत नवं बी घ्यायला सवड मिळाली. पेरून आठ दिवसांनी कळलं असतं तर दुबार पेरणी डोक्यावर बसली असती. कपाशीला हे लागू नाही, बीटीचं संकरित बियाणं दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. पण पोरं जमलीच आहेत तर बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या हलवायला लावा, गुलाबी बोंडअळीचे कोष त्यातच दडून असतात. आणि कितीही घाई झाली तरी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नको, हे घरी सांगायचं काम लेकरांवर सोपवा. बाप आमचं ऐकत नाही, पण पोरीचं ऐकतो असा माझा अनुभव आहे.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा स्थापनादिन १८ मे. त्या दिवशी तिथं खरीप मेळावा भरतो, बियाणं मिळतं. शिबिराची सहल काढायचीच असेल तर वेरूळ-दौलताबादऐवजी एक वर्ष परभणीला काढून पाहा. जवळ हवं तर पैठण रोडवरचं आणि गांधेलीचं कृषी विज्ञान केंद्र आहे. दहावीनंतर कृषी पदविका करता येते हे पुष्कळ पोरांना कुणी सांगितलेलंच नसतं.

शेततळ्याची भीती

उन्हाळ्यात लेकरं पाण्याकडं धावतात. पूर्वी विहिरीत पोहायला शिकवणारं कुणीतरी घरचं असायचं. आता प्लास्टिकचं अस्तर असलेली शेततळी झाली. विहिरीला निदान पायऱ्या, कपार, दोर असतो. शेततळ्याच्या उतारावरचं प्लास्टिक शेवाळानं इतकं निसरडं होतं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. एक घसरला की दुसरा त्याला काढायला उतरतो, आणि दोन्ही जातात. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात अशा बातम्या येतात, त्या वाचून हळहळण्यापलीकडं आपण काही करत नाही.

बायबल शाळेच्या पहिल्याच दिवशी लेकरांना हे शिकवा, गाणं नंतर. आणि तरुण संघानं एक सकाळ यासाठीच द्यावी. शिवारातल्या प्रत्येक शेततळ्याला, मग ते कुणाचंही असो, मालकाला विचारून चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर काठावरच्या खुंटाला बांधून पाण्यापर्यंत सोडायचा, आणि हवा भरलेली एक जुनी ट्यूब तिथं कायम ठेवायची. तारेचं कुंपण तुटलं असेल तर मालकाला सांगायचं. दोराचा खर्च फार नाही. शिबिरातल्या मुलांना शेततळ्यावर पोहायला नेणं मात्र अजिबात नको.

पोरींची लग्नं आणि पोरांचे दाखले

मे महिना लग्नांचा. दहावीचा निकाल लागायच्या आत पोरीचं उरकून टाकायचं, ही खोड सगळ्याच समाजांत आहे. ऊसतोडीच्या घरांत जास्त, कारण कोयत्याला जोडी लागते. मुलीचं वय १८, मुलाचं २१, हा २००६ चा कायदा. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून जबाबदारी ग्रामसेवकावर, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर आहे. चर्चमध्ये लग्न लागायचं तर आधी नावं पुकारली जातात आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत जन्मतारीख असते. पाळकांनी आणि फादरांनी ती वही उघडून पाहिली तर अर्धं काम तिथंच होतं. पण लग्न चर्चमध्ये न लावता दूरच्या पाहुण्यांच्या गावी उरकतात, त्याला वही पुरी पडत नाही. शिबिरात येणारी पोरगी चौथ्या दिवशी यायची बंद झाली तर तिच्या घरी जाऊन या. संघातल्या पोरींना बरोबर कळतं कुणाचं काय चाललंय. त्यांना १०९८ हा नंबर पाठ असावा.

पोरांच्या दाखल्यांचं थोडक्यात सांगतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा लाभ हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात धरतात. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा रहिवासाचा पुरावा लागतो, आणि सोबत नॉन क्रीमी लेअरचं प्रमाणपत्र. निकाल अलीकडं मे महिन्यातच लागतात, मग सेतू केंद्रावर झुंबड उडते. शिबिरातली एक दुपार तलाठी आप्पांना, म्हणजे ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, बोलवा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा, खासरा उतारा असं काय काय घरात आहे ते प्रत्येकानं पिशवीत घेऊन यावं. निम्म्या घरांत कागद पेटीच्या तळाशी सापडतात, उरलेल्यांना जुन्या शाळेचं रजिस्टर शोधायला महिनाभर हातात राहतो.

एवढं सगळं एका उन्हाळ्यात होणार नाही, करूही नका. पहिल्या वर्षी छपराचं पाणी, गोणपाट आणि शेततळ्याचे दोर, बस्स. गोणपाटाचं काम शिबिराच्या पहिल्या दोन दिवसांतच घ्या, म्हणजे शेवटच्या आधी कोंब मोजता येतील. गोणपाट रोज ओलं कोण करणार त्याचं नाव आधी ठरवून फळ्यावर लिहा. दोघांची नावं लिहिली तर दोघंही विसरतात. ज्या मंडळींना उगवणचाचणी किंवा चराची आखणी दाखवून हवी असेल त्यांनी आपापल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडं एप्रिलच्या अखेरीस शिबिराच्या तारखा कळवाव्यात. मे महिन्यात आमच्याही बैठका एकापाठोपाठ एक असतात, पण सकाळी साडेसहाला बोलावलं तर कुणी नाही म्हणणार नाही.